कानातल्याची खूण

बये युरानिस,

ओळख पटत नसेल तर सांगते: मी तुझी आजी उबाल्दिना, सिएनागाची. तीन महिने तुझा फोन नाही, म्हटलं आठवण करून द्यावी. लिहितेय शेजारची नेरेइदा. चुका तिच्या, टोमणे माझे.

टीव्हीवर दुपारचा कार्यक्रम करायचीस, तेव्हा निरोप घेताना तू कानातलं चाचपायचीस. 'आजी, मी जेवले,' ही आपली खूण. ते काम सोडून तू गायला लागलीस, तर मासेवाली हळहळली, "आजी, आता नात रोज दिसायची नाही हो!" मी म्हटलं, "तुझे मासे तरी रोज ताजे असतात का? आम्ही रडतो का?"

खरं सांगू? शेवटचं वर्षभर मला पडद्यावर नुसता उजेड दिसत होता. खूण केलीस की नाही, ते नेरेइदाच सांगायची. डोळ्यांचं हे तुला आज कळलं, तर शनिवारचा तुझा पहिला मोठा जलसा टाकून धावत येशील. म्हणून पत्र रविवारपर्यंत माझ्या उशीखाली राहील. नेरेइदा चिडलीय, चिडू दे.

गाणं मात्र मला नीट ऐकू येतं. रेडिओवर दुसऱ्या कडव्याआधी तू श्वास घेतेस ना, तो उपाशीपोटीचा आहे. न्याहारी टाळून शाळेत पळायचीस, तेव्हा अस्साच घ्यायचीस.

तर पानात बांधलेल्या पेरूच्या वड्या पाठव. आधी अर्ध्या तू खा, मगच उरलेल्या पाठव. लबाडी केलीस तर पुढच्या गाण्यात कळेल मला.

तुझीच,
उबाल्दिना आजी