तुझ्या आरशावरचं घड्याळ

प्रिय धाकट्या,

दादाला पत्र लिहायला सवड कधीपासून मिळाली, म्हणशील. मिळाली नाही, काढली. दुकानातलं काम मी हळू केलंय. एका डोक्याला पाऊण तास. गिऱ्हाइकं कुरकुरतात, दोन-तीन तर समोरच्या दुकानात गेलीसुद्धा. तुझा हात वेगात चालावा म्हणून तुझ्या आरशावर मी जे घड्याळ टांगलं, आणि ज्याच्यावरून तू आपली कात्री उचलून निघून गेलास, तेही काढून ठेवलंय.

तू आधी कोरड्या केसांतून बोटं फिरवायचास, डोकं उजेडाकडे वळवून कानामागे बघायचास, मग फणी घ्यायचास. मी चारचौघांत म्हणायचो, हा केस कापतोय की उवा शोधतोय. सगळे हसायचे. तूही हसायचास, पण तुझे कान लाल व्हायचे. चुकलंच माझं.

आपले पोस्टमास्तर आठवतात ना, खुर्चीत बसल्या बसल्या घोरायचे ते? त्यांच्या उजव्या कानामागे मशीन दोनदा अडलं, दोन्ही वेळा रक्त आलं. मी तुरटी फिरवली आणि पुढच्याला बोलावलं. कॅन्सर निघाला रे, आता मानेत उतरलाय. परवा त्यांची बायको दुकानात आली. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "त्यांच्या कानामागं तुमच्याशिवाय कोण बघणार होतं?" त्याच संध्याकाळी मी ते घड्याळ उतरवलं.

आता मीही तुझ्यासारखी बोटं फिरवतो. हात संथ झाला की जुनी डोकी आठवायला लागतात. काल एकाच्या कानामागे बोट थांबलं. साधा तीळ होता, पण मला एकदम तुझं डोकं आठवलं.

आईच्या आजारपणात तू आलास, तेव्हा जाताना गाडी चुकेल म्हणून दहा मिनिटांत तुझे केस उडवले. डाव्या कानामागे मशीन अडलं. पुटकुळी आहे म्हणालो, तुरटी लावली. धाकट्या, मी बघितलंच नव्हतं. काल दोनदा फोन केला, पण तू "बोल दादा" म्हणालास आणि मी हवापाणी विचारून ठेवून दिला. आता हे पत्र खाली ठेव. बायकोला खिडकीपाशी बोलाव, कानामागे नीट बघायला सांग. बारीकसं काही दिसलं तरी आजच डॉक्टरकडे जा. काही नसलं, तर येऊन मला पोटभर शिव्या दे. तुझी खुर्ची मी रोज पुसतो.

डॉक्टर काय म्हणाले ते कळेपर्यंत मशीनला हात न लावणारा,
तुझाच,
दादा