नामाच्या मागून चालणारी

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून (कंबर परवानगी देते तेवढाच वाकून) नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला, की आता त्यांनीच त्याच्याशी जमवून घेतलं? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढे येईलच. पत्र लांबणार आहे, तेव्हा दूध गॅसवर ठेवून वाचायला बसू नकोस. मागच्या वेळचं करपलेलं पातेलं तू माझ्या नावावर टाकलंस, ते मी विसरलेले नाही.

मी स्पॅनिश शिकते आहे हे तुझ्या भाचीने तुला सांगितलंच असेल. तिचे दिवस भरत आले, बाळंतपणाला मी जायचं हे ठरलेलं, आणि विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नाही. आजवर आम्ही दोघी फोनच्या पडद्यावर एकमेकींकडे बघून नुसत्या माना डोलवत आलो. एकदा मी धीर करून, पुस्तकात बघून, ‘तुम्ही छान दिसता’ असं म्हणाले, तर जावई तोंडावर रुमाल धरून खोलीबाहेर गेले. मागाहून कळलं, मी ‘बोनिता’ऐवजी ‘बोनितो’ म्हटलं होतं. म्हणजे विहीणबाईंना मी चक्क देखणा बुवा करून टाकलं. लेक म्हणाली, आई, क्लास लाव. लावला.

क्लास ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत भरतो. भिंतींवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते आहेत, त्यामुळे फळ्याकडे बघता बघता ‘पुढे धोकादायक वळण’ हेही पाठ होतं. मास्तर पूर्वी बोटीवर आचारी होते (अजूनही खडू तिखट घातल्यासारखा चिमटीत धरतात). पहिल्याच दिवशी त्यांनी विशेषणं काढली. तसं आपल्याला ते नवं नाही. काळा कोट, काळी बाही, काळी बटणं, हे अल्टरेशनच्या दुकानात मी जन्मभर बोलत आले. तिकडे अब्रिगो नेग्रो, मांगा नेग्रा, आणि बाह्या दोन झाल्या की मांगास नेग्रास. फरक एवढाच, की आपल्याकडे विशेषण पुढे असतं आणि त्यांच्याकडे ते बहुतेक वेळा नामाच्या मागून चालतं, मुकाट्याने, नाम वळेल तिकडे वळत. काही मात्र हट्टी. ‘ग्रांदे’ म्हणजे मोठा. समोर बाई असो की बुवा, ढिम्म बदलत नाही. (मला आमच्या यांची आठवण झाली.) आणि दहा बायकांत एक पुरुष शिरला की सगळा घोळका पुरुषी धरायचा. आमच्या वर्गात एक रखवालदार आहे, त्या एकट्यापायी आम्ही सगळ्या रोज बुवा होतो.

मास्तरांची पद्धत अशी, की वर्गाच्या जोड्या पाडायच्या. एकीने नाम व्हायचं, दुसरीने विशेषण. नाम उभं राहिलं की विशेषणाने उभं राहायचं, नामाने हात वर केला की विशेषणाने करायचा. लहान मुलांचा खेळ वाटला मला. माझ्या वाट्याला एक गप्प बाई आली. ती क्लासला कधीपासून येते हे कुणालाच सांगता येईना, आणि तिचा चेहरा असा, की जिना उतरेपर्यंत विसरावा. मी तिचं नाव सोबतीण पाडलं. मी नाम, ती विशेषण. काय सांगू ताई, इतकं हुशार विशेषण मी पाहिलं नाही. मी चष्मा सावरायच्या आत ती तिचा सावरायची. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे माझ्यासारखी पिशवी आली. मग माझ्यासारखा खोकला आला. आणि एक दिवस पाहते तर तिच्या डाव्या हाताच्या बोटावर सुईने टोचल्याच्या खुणा, जिथे माझ्या आहेत तिथेच. मी विचारलं, तुम्ही शिवता का? ती म्हणाली, नाही, पण हात शिवशिवतात. मी हसले. वर्ग संपल्यावर ती माझ्या मागून घरापर्यंत आली, आणि सांगायला लाज वाटते, मला जरा बरंच वाटलं. घरात कोण एवढं लक्ष देतं माझ्याकडे?

मग ती दुकानात कोट शिवायला आली. मी टेप लावला. छाती, कंबर, पाठ घेत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. एकेक आकडा माझा. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला, तोही माझा. गिऱ्हाईक खोटं बोलतं, आरसा खोटं बोलतो, टेप बोलत नाही. मी तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या, कारण गिळल्या असत्या. तरी कोट शिवला. धंदा आहे, आकडे जुळतात म्हणून गिऱ्हाईक परत पाठवता येत नाही.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, बाई चांगली वाटते, चहाला बोलाव. बोलावली. मी स्वयंपाकघरातून कप घेऊन आले तर ती माझ्या खुर्चीत बसलेली, आणि हे तिला सांगत होते, की आज तू उगाच दमलेली दिसतेस, दुकान जरा कमी कर. बत्तीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते, आणि ते गेलं परस्पर भलतीकडेच. मी दारात ट्रे घेऊन उभी. हे माझ्याकडे वळून म्हणाले, या ना, बसा. बसा! मला! चष्मा नव्हता डोळ्यांवर, असं मागून म्हणाले खरे. पण चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. फोनचं नाही नेता आलं. मी दुकानाच्या मागच्या खोलीत इस्त्री करत होते, ती कोट न्यायला आली होती, आणि टेबलावरचा माझा फोन वाजला. तिने उचलला. लेकीचा होता. आता लेक ओरडेल, ही कोण, असं मला वाटलं. छे. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, लेक घडाघडा बोलत होती. मी फोन केला की गोळी घेतली का, पाय वर करून बसतेस का, एवढंच विचारते. हिने विचारलं, तुला भीती वाटते का गं? आणि माझी लेक रडली, ताई. रडून झाल्यावर म्हणाली, “आई, किती दिवसांनी माझ्याशी नीट बोललीस.” मी हातात इस्त्री धरून उभी होते. जाऊन फोन हिसकावून घ्यायला हवा होता. घेतला नाही. घेऊन काय बोलले असते? खाली अस्तर जळालं तेव्हा भानावर आले आणि जळक्या वासाचं निमित्त करून पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना गाठून म्हटलं, माझी जोडी बदला. ते फळा पुसत होते. म्हणाले, “बाई, विशेषणाने मागितली म्हणून जोडी बदलत नाही. तुमच्या नामाला विचारून या.” मी म्हटलं, अहो, नाम मीच आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने मी कोट आखूड झाला म्हणणाऱ्या आणि स्वतः सुटलेल्या गिऱ्हाइकाकडे बघते. मी तडक खाली उतरले. रस्त्यात बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, की ती माझ्या पुढे चालली आहे आणि मी मागे. ती वळली, मी वळले. ती फुलांच्या दुकानापाशी थांबली, मीही थांबले, आणि मला फुलं नको होती. घरी येऊन माझा जुना राखाडी कोट चढवला तर तो खांद्यांवरून घरंगळला. तिच्या मापाचा कोट दुकानात अजून लटकत होता, कारण फोनच्या गडबडीत तिने नेलाच नाही. दुकानात परत जाऊन तो घालून पाहिला. ताई, जन्मात इतका बेतशीर कोट मला बसला नव्हता. मग भीती वाटली, खरीखुरी. आता तो कोट माझ्याकडे आहे आणि मी तो काढलेला नाही.

बाकी स्पॅनिश बरं चाललंय. विशेषणं आता चुकत नाहीत. तिकीट आलं, एकच आलं, आणि ते यांनी कपाटात ठेवताना कुणाच्या देखत ठेवलं ते विचारू नकोस. वाटेत गाडी बदलायला तुझ्याकडे एक मुक्काम आहेच. तेव्हा मी येते. म्हणजे मी यायचं म्हणते. बाळाला पहिल्यांदा मी घ्यायचं आहे, ताई, दुसऱ्या कुणी नाही, आणि लेकीला भीती वाटते का हे मला स्वतःच्या तोंडाने विचारायचं आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. दारात कोण आलंय हे नुसतं तोंड बघून ठरवू नकोस. साखळी काढायच्या आधी एक प्रश्न विचार. दिवा मालवल्यावर आई मला जवळ ओढून ज्या नावाने हाक मारायची, ते नाव कोणतं? एका पांघरुणात झोपायचो म्हणून ते तुला ठाऊक. तू आणि मी सोडून जगात कुणालाच नाही. बरोबर सांगेल तिलाच आत घे, आणि तिलाच माझ्या लेकीकडे जाऊ दे. मग ती कितीही वेगळी दिसो.

ता. क. २ – ते नाव मला उलट टपाली कळव. पत्ता दुकानाचा घाल, घरी हल्ली तीच असते. मी आठ दिवस आठवते आहे, ओठांवर येतं आणि जातं. तिला विचारून पाहिलं असतं, पण धीर होत नाही. तिला माहीत असेल.