डाग मेंदूवर आहे, अकलेवर नाही

मी, सुगंधा चंद्रप्रकाश पेडणेकर, वय ५६, व्यवसाय डबिंग, राहणार पंतनगर, घाटकोपर पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्या मेंदूच्या फोटोत एक जुना डाग दिसतो, म्हणून मी पूर्ण भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मागाहून कुणी 'तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं' म्हणायला नको.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. त्यात यजमानांनी हयातभर राहावे, फक्त भिंतींना पुन्हा पोपटी रंग देऊ नये. त्यांच्यानंतर घर माझ्या नणंदेची, प्रेमाताईंची, सून श्रुतिका हिला मिळावे. तिलाच का, ते पुढे येईल.

२. माझे हेडफोन अंधेरीच्या स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट किरण याला द्यावेत. कार्टूनमधल्या खारीला आवाज देताना माझ्या तोंडून 'आई'च्या जागी 'कात्री' निघालं. तो हसला. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा 'कात्री'च. "मॅडम, मस्करी नाही ना ही?" म्हणत त्याने मला रिक्षात घातलं. लकवा होता. त्याने वेळ घालवला नाही, म्हणून आज बोलते आहे.

३. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पूर्वी कधी गर्भ गेलाय?" मी तीन बोटं दाखवली. रक्त तपासलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. रक्तात नको तिथे गुठळ्या होतात. तेव्हा बहुधा गर्भाला पोसणाऱ्या वारेत झाल्या, आता मेंदूत. मी रडले, पण सुटल्यासारखी. कारण प्रेमाताईंनी मला एका डोहाळजेवणातून "तू ओटी भरू नकोस" म्हणून उठवलं होतं. त्या दिवशीची साडी कपाटात आहे. ती बोहारणीला द्यावी.

४. पुढे श्रुतिकाचे दोन गर्भ गेले आणि प्रेमाताईंचं पुन्हा तेच सुरू झालं, "हिचा पायगुण!" मी म्हटलं, "चल गं, आधी रक्त." तेच निघालं.

"आमचं रक्ताचं नातंसुद्धा नाही," मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

"शोधलं की सापडतं. आपल्याकडे किती बायकांना आहे, याची धड मोजदाद कुठे झालीय?"

पुढच्या खेपेला श्रुतिकाने गुठळ्या न होण्याची सुई रोज पोटात टोचून घेतली. मुलगी झाली, रतन. म्हणून घर श्रुतिकाला, तिच्यामागे रतनला.

५. माझा देह, मेंदूसकट, अभ्यासासाठी वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. यजमान म्हणाले, "मग मी जाळू काय?" मी म्हटलं, "औषधांची बिलं जाळा." ते हसले, पण देहदानाच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते, तिथे त्यांचं पेन थांबलं. प्रेमाताई सगळं ऐकत बसल्या होत्या. उठून आल्या.

"आण इकडे. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, सुगंधा. सही तरी करते."

या मृत्युपत्रावरची पहिली साक्षही त्यांनीच मागून घेतली.

लिहून देणार: सुगंधा पेडणेकर
(उजवा हात अजून रुसलेला आहे. सही वाकडी असली तरी माझीच.)

साक्षीदार:
१. प्रेमा वसंत राऊळ
२. अण्णा तावडे, शेजारी

घाटकोपर, दि. १४ नोव्हेंबर २०२५