चैतालीच्या कुर्त्यांच्या पिशव्या

विश्रांतवाडी,
रविवार

प्रिय अनिरुद्ध,

गेल्या आठ तारखेला तू आलास तेव्हा पिशव्यांचं विचारलंस आणि मी, वापरतात की सगळे, म्हणून चहा ठेवायला उठले. ते खोटं होतं.

चैताली गेली, त्यानंतर तिचे कुर्ते आणि ओढण्या उसवून आपण चौतीस पिशव्या केल्या. तू कापायचास, मी शिवायचे. तुझं कापणं तिरकं जायचं, मी बोलले नाही. तुमच्या लग्नाला दोन महिने उरले असताना ती गेली, तुला काय बोलणार. भाजीवाल्याने प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली की चैताली त्याच्याशी भांडायची आणि कोथिंबिरीची जुडी तशीच हातात धरून घरी यायची. लेकीचं एवढं तरी पुढे चालू राहावं, असं वाटलं. तिला जाऊन वर्ष झालं तेव्हाच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात एकेक दिली. बायका रडल्या, पिशव्या डोळ्यांना लावल्या. दोन-तीन महिने वापरल्याही. बाजारात लांबून तिची मोरपंखी ओढणी दिसली की माझी पावलं आपोआप भरभर पडायची.

मग एकेक दिसेनाशी झाली. वरच्या मजल्यावरच्या पूर्वाला विचारलं, तर म्हणाली, "काकू, न्यायची लक्षातच राहत नाही हो. आणि भाजीवाला देतोच की." देतोच तो. बंदी आहे म्हणतात, पण गाडीखाली गठ्ठा असतोच. मागच्या आठवड्यात खालचा आमोद तिच्या पिवळ्या कुर्त्याच्या पिशवीने स्कूटर पुसत होता. कुर्त्याचा खिसा मी तसाच ठेवला होता, तो काळा झालेला. "गुड मॉर्निंग काकू," म्हणाला. मीही गुड मॉर्निंग म्हणाले. ती भांडली असती. शेजारचे सुखदेवकाका म्हणतात, त्या पोराला काय माहीत कापड कुणाचं ते. त्याच्या आईला सांगून दिलं होतं रे. सगळ्यांना सांगून दिलं होतं.

काल टोमॅटो मीसुद्धा प्लॅस्टिकमधून आणले. नको म्हणायचंही सुचलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मंगळवारी तुझ्या आई आल्या होत्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. "शालनताई, तिसरं स्थळ परत गेलं. तो तुमचंच ऐकतो, तुम्हीच सांगा," म्हणाल्या. मी हो म्हणाले. फोनवर जमलं नसतं. तुझा आवाज ऐकला की मी, कधी येतोस, असंच विचारलं असतं. दर आठ तारखेला येतोस तसा आता येऊ नकोस. तुझा संसार व्हावा एवढं माझं मन मोठं नाही, अनिरुद्ध. खरं सांगायचं तर तू म्हातारा होईपर्यंत असाच येत राहावंस, असं वाटतं मला. त्याचीच भीती वाटली. आलास तर मी दाराच्या आतच उभी असेन, पण दार उघडणार नाही.

तुझीच,
शालनकाकू