फिरत्या खोलीतला चेंडू

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं, हे आईला आधी सांगा. मग निवांत वाचा, कारण आज मला फार आनंद झालाय.

फिरत्या जागेला माणूस कसा सरावतो हे बघायला बांधलेली आमची प्रयोगाची खोली सतत डावीकडे फिरते, पण आत बसलं की फिरणं जाणवतच नाही. पहिल्या दिवशी मी समोरच्या मैत्रिणीकडे सरळ चेंडू टाकला, तर तो वाटेतच उजवीकडे वळला. बाहेर उंचावरून बघणाऱ्या आमच्या बाई हसल्या. "चेंडू सरळच गेला गं. तुम्हीच फिरलात."

पेला उचलायला गेले की हातही भलतीकडे जायचा. मान वळवली की चक्कर यायची (हे आईला वाचून दाखवू नका). पण रोज करत राहिले आणि आज हात आपसूक पेल्यावर गेला. चेंडूही मैत्रिणीच्या ओंजळीत पडला.

खोली थांबल्यावर मात्र शिकलेला हात उलटा डावीकडे जातो. दाराची कडी धरायला गेले, ती हुकली आणि कपाळाला टेंगूळ आलं. लहानसंच आहे.

बाबा, आजारपणानंतर तुम्ही भिंत धरून चालता आणि चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी दिलेला व्यायाम सोडलात, असं दादा म्हणाला. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जवळ कुणीतरी असू दे, पण थोडी चक्कर येऊ दे. त्याशिवाय डोकं शिकणार कसं?"

उद्यापासून आईचा हात धरून पुन्हा सुरू कराल ना? ती घाबरली, तर तिला माझं टेंगूळ सांगितलंत तरी चालेल.

तुमची,
धाकटी