प्रेमानंदचं चिलखत

१२ सप्टेंबर

प्रेमानंदला चिलखत पाहिजे! आयर्लंडात वृद्धाश्रमात नोकरीला गेलेला माझा भाऊ, आणि आता म्हणे जत्रेत लढणार. तिकडच्या लोकांना हौस — सात-आठशे वर्षांपूर्वीच्या शिपायांसारखे कपडे घालून खोट्या तलवारींनी मारामाऱ्या करतात. फोटो पाठवलाय. गुडघ्यापर्यंत पिवळा सदरा, त्यावर जाड टाचलेला कोट, त्याच्यावर लोखंडी कड्यांचं जाळं. कोटाच्या आत नुसता कापूस. "ताई, तुझ्या गोधडीसारखंच हाय बघ," म्हणाला.

आमच्या डोंगरकडा गावात माझ्यासारखी गोधडी कोणी शिवत नाही, हे खरं. पण गोधडीनं तलवार अडते?

१४ सप्टेंबर

जाळं नको म्हणतो. पिवळा सदराही नको, नुसता कोट, तोही काळा. कमरेपर्यंतच हवा, वरून जॅकेट बसलं पाहिजे. मग एवढा फोटो पाठवलास कशाला? म्हणे तिकडं थंडी फार.

२० सप्टेंबर

आत आईच्या जुन्या सुती लुगड्यांचे थर घातले, छातीवर दुप्पट. आईनं कोट ज्वारीच्या पोत्यावर चढवला आणि काठी हाणली. पोतं काय सांगणार! मग मीच घातला. आईनं पाठीत दोन ठेवून दिल्या. फार लागलं नाही. पण हात वर जाईना! हाताच्या सवयीनं गोधडीसारखी कडेकडेनं गोल गोल आत टाचत गेले होते. कोट पाटासारखा ताठ.

प्रेमानंदला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. "हात डोक्यापर्यंत गेलाच पाहिजे, ताई. डोकं झाकता आलं पाहिजे."

एरवी माझ्या चुकीवर आठवडाभर चिडवणारा पोरगा. काहून असा बोलला?

२१ सप्टेंबर

सगळं उसवलं. आता उभ्या ओळी घालतेय. बोटं सोलून निघाली.

२७ सप्टेंबर

हिंगोलीला जाऊन कुरिअर केलं. जत्रा कधी ते विचारलं. बघू म्हणाला.

९ ऑक्टोबर

पोचला. बराबर बसला म्हणे. घालून फोटो पाठव म्हटलं, तर ड्युटी आहे. आई मात्र गल्लीभर सांगत फिरतेय, माझं पोरगं लढाई करून राहिलं! तिला काय सांगू! बोथट झाली तरी तलवारच ती.

१८ ऑक्टोबर

फोन उचलत नाही. मेसेज बघितलाय, उत्तर नाही.

१९ ऑक्टोबर

आज त्याचाच फोन आला. कोट कामाला आला म्हणाला. मी विचारलं, झाली का जत्रा?

"जत्रा न्हवतीच, ताई. इथं आपल्या माणसांना रस्त्यात गाठून मारतात, म्हणून कोट मागितला. ड्युटीवरून रूमवर येत व्हतो. चार-पाच पोरं व्हती. तुमच्या देशात जा म्हणून मारत व्हती. मी हात डोक्यावर धरले."

आई दारातून विचारत होती, जिंकला का म्हणून. मी व्हय म्हणाले.