पुराव्यापुरता माणूस

४ मार्च
नोकरी लागली, खोलीही मिळाली, तीही प्रयोगशाळेच्या डोक्यावरच. उशिरा पोचायला आता सबब नाही. तळघरात कोमट पाण्याच्या टाकीत काचेची भांडी उभी आहेत. प्रत्येकात जड पाणी, त्यात पॅलेडियम धातूची कांडी, तिच्यातून वीज. सर म्हणतात, इथे अणू भट्टीवाचून जुळतात आणि उष्णता देतात. असं मानणारे जगात फार थोडे. किरणोत्सार मोजणं हे माझं काम. सरांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, पहिल्याच दिवशी मला भावजी करून टाकलं. भांडी घडवणाऱ्या कारागिराला सगळे फुंक्या म्हणतात. त्याने विचारलं, तब्येतीने धडधाकट आहात ना? मग वाईट झालं. सगळे हसले, मीही हसलो.

११ मार्च
किरणोत्सार मोजणारा काउंटर गप्प. त्या हसण्याचा अर्थ आज कळला. विरोधकांचा टोमणा जुना आहे: एवढी उष्णता अणूंची असती तर सोबत किरणोत्सार आला असता, आणि ही मंडळी केव्हाच वर गेली असती. सर म्हणाले, आम्ही जिवंत आहोत हाच आमचा गुन्हा. वहिनी हसल्या नाहीत.

१९ मार्च
तपासणी समितीचे गृहस्थ आले. सगळ्यांच्या तब्येती उत्तम दिसतात, अभिनंदन, असं म्हणाले. सरांनी हातातलं भांडं मुठीतच फोडलं. काच तळव्यात रुतली. तोच हात त्यांनी निरोपासाठी पुढे केला, आणि पाहुण्यांना तो धरावा लागला.

२३ मार्च
चौथ्या भांड्याजवळ काउंटर कडकडू लागला. सर अक्षरशः नाचले. मी म्हणालो, बंद करा. फुंक्याने तर भांडं फोडायला घनच उचलला. घरी लेकरं आहेत माझी, म्हणाला. सरांनी घन हिसकावून त्याच्याच डोक्यात घातला. पुन्हा घातला. तो आवाज—
मग सर ढसाढसा रडले. फुटक्या डोक्याचा माणूस कशाचाच पुरावा नाही, म्हणाले. फुकट गेला.
रडता रडता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

२४ मार्च
पायात साखळी, दुसरं टोक पाइपला. चौथं भांडं मांडीला लागून. आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही, सर म्हणतात. किरणोत्साराने मेलेल्या माणसावर ठेवतील. लक्षणं त्यांच्या कागदावर लिहायची. ही वही शर्टात.

२६ मार्च
काउंटरच्या केबलचा जोड ओला आहे. टाकीची वाफ. शर्टाने पुसला — कडकड थांबली. ओला केला — सुरू.
किरणोत्सार नाहीच. कधीच नव्हता.
सांगितलं तर मीही फुकट. थुंकी लावून जोड ओला ठेवतो.

२८ मार्च
केस उपटले. मूठभर. गळले म्हणून सांगितलं. सरांनी ते पाकिटात भरले, माझ्या कपाळाचा मुका घेतला. मग नखाने हिरडी फाडली. रक्त थुंकलो. शाबास, म्हणाले.

बहुधा ३०
दात हलतात असं बोलून गेलो — चूक — सरांनी वहिनींना बघायला सांगितलं. त्यांनी तोंडात बोट घातलं. दात पक्का. माझ्याकडे पाहिलं. हो, हलतोय, म्हणाल्या. सर कॅमेरा आणायला वर पळाले.
वहिनींना माहीत आहे. केबलचंही — ओल्या जोडाकडे नजर गेली त्यांची.
पक्कड आणली त्यांनी. कुजबुजतात, भावजी, ते यायच्या आत दात हलायला हवा. आ करा. ओरडू नका. आ—